भरपूर तेल पाजलं म्हणजे पिस्तूल सुरक्षित?

मालवण, देवगडच्या खाऱ्या हवेत पिस्तुलाला भरपूर तेल पाजलं की ते दगा देत नाही, असं परवानाधारक एकमेकांना सांगत आलेत. हे चुकीचं आहे, आणि जिवावर बेतणारं आहे.

फायरिंग पिनच्या (काडतुसावर आपटून बार उडवणाऱ्या सुईच्या) भोकात साचलेलं तेल काजळी धरून चिकट होतं. पिन पुढेच अडकली, तर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मिटताना पिनचं टोक काडतुसाच्या टोपीवर आपटतं. ट्रिगरला बोट न लावता गोळी सुटते. ते भोक कोरडंच ठेवा. तेल स्लाइडच्या खाचांना, तेही थेंबभर.

एकदाच ट्रिगर दाबून दोन गोळ्या सुटल्या, तर बहुधा सिअर (ट्रिगर दाबेपर्यंत घोडा किंवा पिन अडवून धरणारा खटका) झिजलेला असतो. घरी कानस लावू नका, परवानाधारक कारागिराकडे न्या. त्याआधी गोळ्यांचं मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे ओढून चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) बघा: एक गोळी तिथे राहिलेली असू शकते.