जॅक व स्टँडवर वाहन उभे करणे

चाके, ब्रेक किंवा गाडीच्या पोटाखालचे भाग दुरुस्त करण्यासाठी वाहन जॅकने उचलून स्टँडवर टेकवण्याची पद्धत. जॅकचे काम उचलण्याचे, धरून ठेवण्याचे काम स्टँडचे. हायड्रॉलिक जॅकवरचा सगळा भार तेलाच्या दाबावर असतो आणि तो दाब रबरी सील व लहानसा व्हॉल्व्ह रोखून धरतात. सील फाटले किंवा व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला, की गाडी खाली बसते, कधी हळूहळू, कधी एकदम. त्यामुळे नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. गाडीसोबत मिळणारा स्क्रूचा जॅक तेलावर चालत नाही, पण त्याची बैठक अरुंद असते. गाडी थोडी सरकली तरी तो कलंडतो.

जमीन सपाट आणि टणक हवी. उन्हाने मऊ पडलेल्या डांबरात स्टँडचे पाय रुततात. तेथे खाली जाड प्लायवूड किंवा लोखंडी पत्रा घालावा.

गाडी घसरण्याचे कारण बहुधा जमिनीवर राहिलेल्या चाकांत सापडते. बहुतेक मोटारींचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो, म्हणजे मागची बाजू उचलली की त्याचा उपयोग संपतो. गिअरवरही विसंबता येत नाही: इंजिनाची ताकद चाकांच्या ज्या जोडीला मिळते, तिचे एक चाक अधांतरी झाले, तर डिफरेन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी चाकांची रचना) ते उलटे फिरते आणि जमिनीवरचे चाक गिअरमध्ये असूनही गडगडते. यावर खात्रीचा उपाय एकच, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून पाचरी लावणे.

चाक काढायचे असल्यास नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत. उचललेल्या गाडीवर पान्याला झटका देणे म्हणजे गाडीलाच ढकलणे. जॅक वाहनाच्या पुस्तिकेत दाखवलेल्या मजबूत जागीच लावावा. ऑइल चेंबर, तळाचा पत्रा किंवा विजेवरील गाडीची बॅटरी यांखाली कधीच नाही. खाली चाके असलेला (ट्रॉली) जॅक गाडी उचलताना स्वतः थोडा पुढे-मागे सरकतो, कारण त्याची भुजा कमानीत वर जाते. जॅकची चाके खडीत अडकली, तर तो गाडीलाच ओढतो.

स्टँडची क्षमता एकाची लिहिली आहे की जोडीची, हे पाहावे. दोन्ही स्टँड सारख्या उंचीवर ठेवून उंची पक्की करणारा खटका किंवा पिन पूर्ण बसल्याची खात्री करावी. मग जॅकचा व्हॉल्व्ह हळूच उघडून भार स्टँडवर येऊ द्यावा. खाली शिरण्यापूर्वी बाजूने उभे राहून गाडी हाताने जोराने हलवावी. स्टँड डुगडुगला किंवा त्याचा एखादा पाय उचलला गेला, तर पुन्हा उचलून नीट बसवावा. जॅक नुसता टेकलेला राहू द्यावा आणि काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवावे, म्हणजे स्टँड निसटलाच तर आधार राहतो.

स्टँडऐवजी विटा किंवा सिमेंटचे ठोकळे वापरणे घातक आहे. एका लहानशा जागी भार एकवटला की ते आधी काहीही न दाखवता फुटतात.