जंजिऱ्यातला वाडा आणि जंजिऱ्याचा राजवाडा

गेल्या मार्गशीर्षात आमच्याकडे पुण्याचं एक कुटुंब उतरलं होतं. बरोबर सत्तरी ओलांडलेले आजोबा. राजवाडा बघायचा म्हणून गुडघे धरत ते राजपुरीहून शिडाच्या होडीत बसले, किल्ल्याच्या दारात दोघांचा हात धरून पायरीवर उतरले आणि आत जाऊन अर्धा तास घुमट शोधत राहिले. मोबाइलवरचा फोटो त्यांनी खलाशाला दाखवला, तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, हा इथला नाही हो. हा मुरुडच्या रस्त्यावरचा. येताना गाडीतून दिसला असंल तुम्हांला."

तो दिसला होताच. त्यांची गाडी त्याच्यासमोरूनच आली होती.

वाडे दोन आहेत, एक किल्ल्यातला पडका आणि दुसरा मुरुडचा. त्यांची गफलत होते ती नावामुळे. 'जंजिरा' हा शब्द अरबी 'जझीरा'वरून आला, म्हणजे बेट. आपल्याकडे पाण्यातल्या कुठल्याही किल्ल्याला जंजिरा म्हणत. राजपुरीच्या खाडीच्या तोंडावरचा सिद्दीचा तो जंजिरे मेहरूब. पुढे सिद्दीच्या अख्ख्या संस्थानाला हेच नाव पडलं. त्यामुळे 'जंजिऱ्याचे नवाब' म्हणजे किल्ल्यात राहणारे नवाब असं नाही, तर जंजिरा संस्थानाचे. सगळा फरक 'तला' आणि 'चा' या दोन प्रत्ययांत आहे.

जंजिऱ्यातला तो वाडा सुरुलखानाचा. औरंगजेबाच्या शेवटच्या काळात किल्ल्याचा सिद्दी यकूतखान वारला आणि त्याच्यामागून सुरुलखान गादीवर आला, म्हणजे अठराव्या शतकाची सुरुवात. वाडा कित्येक मजल्यांचा होता, आज छप्पर नाही, एकही मजला नाही. उभ्या आहेत त्या भिंती. गाइड लोक तोफांकडे, त्यातही कलालबांगडी या मोठ्या तोफेकडे घाईने नेतात, होडीवाल्यानं दिलेली वेळ संपत आलेली असते, आणि वाड्याकडे लांबूनच बोट दाखवलं जातं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण किल्ल्यात माणसं राहत होती हे कळतं ते इथंच.

भिंतीच्या आतल्या अंगाला जवळ जाऊन वर बघा. एका रेषेत चौकोनी खोबण्या दिसतील, त्यांच्यावर पुन्हा तशीच एक रेष. या खोबण्यांत तुळयांची टोकं बसत, तुळयांवर तक्तपोशी, म्हणजे लाकडी फळ्या. लाकूड गेलं आणि मजले हवेत विरले, पण कुठला मजला कुठे होता हे खोबण्यांवरून आजही मोजता येतं. वरच्या मजल्यावरचे कोनाडे तर अधांतरी दिसतात, त्यांच्यापर्यंत पोचणारी जमीनच उरलेली नाही. कमानींवर चुन्याचा गिलावा कुठे कुठे टिकून आहे. त्यावर खिळ्यानं नावं कोरणारे हात मात्र थांबायला हवेत. आणि भिंतीवर चढू नका, चुना सुटलाय. थोड्या अंतरावर गोड्या पाण्याचे तलाव आहेत. चहूबाजूंनी खारं पाणी असताना एवढ्या वस्तीची तहान यांनीच भागवली.

दुसरा राजवाडा, अहमदगंज पॅलेस, सुरुलखानाच्या वाड्यानंतर दीडेकशे वर्षांनी झाला. नवाब सिद्दी अहमदखान 1879 साली गादीवर आले, राजवाडा 1885 चा. तोवर इंग्रजांचा अंमल पक्का झाला होता आणि समुद्रातून हल्ला येण्याची भीती उरली नव्हती, तेव्हा तटाआड राहायची गरजही संपली. म्हणून नवाबांचं घर पाण्यातून निघून मुरुडच्या किनाऱ्यालगत उंचावर आलं. घुमट मोगली वळणाचे, कमानी विलायती टोकदार. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं, पण ही वास्तू खाजगी मालमत्ताच राहिली. आत प्रवेश नाही. फाटकाशी हुज्जत घालू नये, ते कुणाचं तरी घर आहे. किल्ला मात्र पुरातत्त्व खात्याकडे आहे.

फोटोवरून ओळखायचं तर खिडकीतून बघा. पलीकडे आभाळ दिसलं तर सुरुलखानाचा वाडा.

ठिकाणं मुरुड गावाच्या दोन टोकांना आहेत. अलिबाग-काशीदकडून येताना गावाच्या अलीकडेच राजवाडा लागतो, आणि गाव ओलांडून दक्षिणेला गेलं की राजपुरीचा धक्का. पावसाळ्यात होड्या बंद, तेव्हा फक्त राजवाडाच बघायला मिळतो, तोही रस्त्यावरून. एरवी सकाळी किल्ला करावा आणि होडीवाल्याशी वेळ आधीच बोलून घ्यावी, "वाडा नीट बघायचाय" असं सांगून. परतल्यावर दम असेल तर राजपुरीजवळच्या खोकरीला जा. सुरुलखानाची कबर तिथं आहे. वाड्याचं छप्पर गेलं, पण कबरीवरचा त्याचा घुमट अजून शाबूत आहे. आजोबांना आम्ही दुसऱ्या दिवशी तिथंच नेलं. पायऱ्या कमी, सावली भरपूर, आणि घुमट एकदाचा सापडला.