पुरावा १९३० च्या आधीचा : राधानगरीच्या रानातल्या धनगरवाड्यांची पार्श्वभूमी

आजींनी आढ्याला अडकवलेली प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि गाठ सोडून सगळे कागद घोंगड्यावर ओतले. रेशनकार्ड, घरपट्टीच्या दोन पावत्या, मुलाचा शाळेचा दाखला, मतदार यादीची झेरॉक्स. एवढ्यात सगळ्यात जुना कागद पन्नासएक वर्षांचा निघाला. "ह्येच्या आदी आमास्नी कागुद दिलाय कुणी?" त्यांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. रानातल्या जागेवर वनहक्क मागायचा, तर सरकारला हवा होता तो पुरावा १९३० च्या आधीचा.

हे १९३० साल आलं कुठून, ते आधी सांगतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार जंगलात राहणाऱ्या आदिवासींनी १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून तिथं राहत असल्याचं दाखवलं की पुरतं. 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून दावा करणाऱ्यांना मात्र त्या तारखेच्या मागं तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथंच वस्ती असल्याचं सिद्ध करावं लागतं. महाराष्ट्रात धनगर भटक्या जमाती 'क' या प्रवर्गात येतात, अनुसूचित जमातीत नाहीत. म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगड या पट्ट्यातले डंगे धनगर, म्हणजे डोंगररानात म्हशी राखून राहणारे धनगर, दुसऱ्या रांगेत उभे राहतात. त्यांना आरक्षण कुठलं मिळावं हा वाद वेगळा आहे, त्यात इथं शिरत नाही.

१९३० साली कोल्हापूर हे संस्थान होतं, गादीवर राजाराम महाराज होते आणि दप्तराचा मोठा भाग मोडीत लिहिला जात होता. संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं ते १ मार्च १९४९ ला. म्हणजे धनगरवाड्यानं आज पुरावा शोधायचा तो संस्थानाच्या दप्तरात, मोडी वाचणाऱ्याला सोबत घेऊन. आणि त्या दप्तरात नाव सापडणार ते ज्यानं सारा भरला त्याचं. म्हशी घेऊन या सड्यावरून त्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या एका खडकाळ पठारावरून दुसऱ्यावर, जाणाऱ्याचं नाव कोण लिहून ठेवणार?

दाजीपूरचं रान तेव्हा राजघराण्याच्या शिकारीसाठी राखलेलं होतं. त्याच्या पायथ्याशी शाहू महाराजांनी १९०८ साली राधानगरी वसवली, कन्या राधाबाईंचं नाव दिलं आणि भोगावतीवर धरणाचं काम काढलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात पैसा आटला आणि १९१८ ला काम अर्ध्यावर थांबलं. भिंत पूर्ण झाली ती १९५७ साली. करवीर, कागलचा शेतकरी आज उसाला पाणी पाजतो, त्यातलं बरंचसं या रानातून उतरलेलं असतं. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या पुढं पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्यातल्या शिरोळात जेमतेम पाच-सहाशे. मधल्या सगळ्या जिल्ह्याचा प्रपंच या फरकावर चालतो.

धरण झालं आणि १९५८ ला दाजीपूर गव्यांचं अभयारण्य झालं. १९८५ ला हद्द वाढून ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य आकाराला आलं. २०१२ साली पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा यादीत गेली. त्यात महाराष्ट्रातली चार होती : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. रान राखलं गेलं हे चांगलंच झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते आधी शिकारीसाठी राखलं, मग पाण्यासाठी, मग गव्यासाठी, आणि दरवेळी हद्दीचे दगड रोवताना आत आधीपासून माणसं आहेत ही गोष्ट शेवटी आठवली. चांदोलीच्या बाजूची गावं उठून खाली गेली. राधानगरीकडच्या कित्येक वाड्या जागेवरच राहिल्या, पण हद्दीच्या आत.

आत राहणं म्हणजे काय, हे पावसाळ्यात कळतं. मृग लागायच्या आत सरपण, मीठमिरची, तेल, चहा-साखर, म्हशींचं वाळलं गवत अशी चार महिन्यांची बेगमी करून ठेवायची. कारवीच्या कुडाला शेणमातीचा जाड लेप द्यायचा. तरणा पाऊस आणि त्यामागून म्हातारा पाऊस असे दोन्ही धरून बसले की ओढे उतरत नाहीत. कुणी आजारी पडलं तर घोंगड्याची झोळी बांबूला बांधायची, दोघांनी खांद्यावर घ्यायची आणि दोघांनी पुढं वाट बघत, जळवा काढत चालायचं. बाळंतपणाचे दिवस भरत आले की शहाणी माणसं सुनेला आधीच खालच्या गावात पाहुण्यांकडं नेऊन ठेवतात.

म्हैस हा इथला जुना धंदा. दूध खाली पोचेपर्यंत नासायचं, म्हणून लोणी काढायचं, तूप कढवायचं आणि डोक्यावरून बाजाराला न्यायचं. १९६३ साली जिल्हा दूध संघ निघाला आणि डांबरी रस्त्याच्या कडेच्या प्रत्येक गावाला रोजचा पैसा दिसू लागला. गाडी जिथवर जाते तिथवर संकलन. वाडीवरचा माणूस दोन वेळा कॅन घेऊन उतरणार-चढणार कसा? सहकारानं जिल्हा वर आला असं आपण कोल्हापूरकर अभिमानानं सांगतो, आणि ते खरंही आहे, पण रस्ता संपतो तिथं ती गोष्टही संपते.

मग मुंबई. या डोंगरी तालुक्यांतून गिरण्यांत गेलेली माणसं थोडी नव्हती. मनीऑर्डरवर इथली घरं चालली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढं बरेच जण परत आले. आता पोरं शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जातात. वाडीवर म्हातारी माणसं, म्हशी आणि नाचणी.

नाचणीही सुखानं पदरात पडत नाही. २०२१ च्या डिसेंबरात गवा कोल्हापूरच्या वेशीवर आला तेव्हा बघ्यांची झुंबड उडाली होती. वाडीवर तो रोजचाच. रात्रभर माळ्यावर बसून डबा वाजवायचा. नुकसान झालं तर भरपाईच्या अर्जाला सातबारा लागतो, आणि वनहद्दीतल्या तुकड्याचा सातबारा कुठून आणणार? पुन्हा कागदच.

सड्यांचं दुखणं वेगळं. वरचा जांभा सच्छिद्र असतो. पाऊस त्यात मुरतो आणि पायथ्याला झरा होऊन निघतो. वाडीचं पाणी ते. पण त्याच सड्यांत बॉक्साइट आहे. दुर्गमानवाड, उदगिरीकडं खाणी झाल्या, आणि सडा खरवडला की खालच्या झऱ्याचं काय होतं हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तरी पश्चिम घाट राखण्यासाठी २०११ चा गाडगीळ समितीचा आणि २०१३ चा कस्तुरीरंगन समितीचा अहवाल आल्यावर गावोगाव विरोध झाला. खाण थांबेल याचं दुःख कुणाला नव्हतं. घराचं छप्पर बदलायलाही आता परवानगी लागणार, ही भीती होती. हद्दीचा इतिहास बघता ती अगदीच खुळी म्हणवत नाही.

पुढं काय, याचं थोडं उत्तर वनहक्क कायद्यातच आहे. ग्रामसभेची शिफारस असेल तर रस्ता, शाळा, अंगणवाडी, पाणी, वीज यांसाठी प्रत्येक ठिकाणी एक हेक्टरपर्यंत वनजमीन देता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, एवढी अट. अडचण अशी की आठ-दहा घरांची वाडी खालच्या मोठ्या गावाच्या ग्रामसभेत मोजली जाते, आणि सभेच्या दिवशी खाली उतरायचं म्हणजे म्हशींचा एक दिवस.

पुराव्याचं मात्र दिसतं तितकं अवघड नाही. नियमांत वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो, वंशावळ चालते, जुनी विहीर, दफनभूमी, देवाची जागा, बांधबंदिस्तीही चालते. अमुकच कागद आणा असा हट्ट दावे तपासणाऱ्या समितीला धरता येत नाही, हे २०१२ च्या दुरुस्तीनं स्पष्ट केलं आहे. हे मी आजींना सांगितलं तेव्हा त्या उठल्या आणि घरामागं घेऊन गेल्या. नाचणीच्या तुकड्याच्या कडेला कमरेएवढा दगडी ताल, म्हणजे बांध, होता, शेवाळानं काळा पडलेला. सासऱ्याच्या बापानं रचलेला, म्हणाल्या. नातवानं मोबाइलवर त्याचे चार बाजूंनी फोटो काढले. ते पाठवायला रेंज कुठं मिळते विचारलं, तर त्यानं समोरच्या टेकाडाकडं बोट केलं आणि चप्पल घातली.