परसबागेचे ऋतुचक्र (पुणे परिसर)

घरामागे आडाच्या व मोरीच्या पाण्यावर राखलेल्या बागेत वर्षभरात होणारे बदल. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मी. उंचीवर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. वार्षिक पाऊस साधारण ७०–७५ सेंमी. असून त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. पश्चिमेस लोणावळ्याला तो याच्या कितीतरी पट, तर पूर्वेस इंदापूरकडे बराच कमी असल्याने पुढील वर्णन मुख्यतः हवेली तालुका व लगतच्या भागास लागू पडते.

संस्कृत परंपरेतील सहा ऋतू या बागेत वेगवेगळे दाखवता येत नाहीत. पानगळ आणि नवी पालवी येथे माघ-फाल्गुनात जवळजवळ एकत्रच येतात. परसाचे वर्ष खरे तर दोन गोष्टींवर चालते : जमिनीतील ओल आणि दिवसाची लांबी.

लागवडीची कालगणना मात्र सूर्यनक्षत्रांची आहे. सूर्य एका नक्षत्रात १३–१४ दिवस असतो. रोहिणीत वाफे व आळी तयार करायची आणि मृग लागला की बी टोकायचे, हा सर्वसाधारण क्रम. मृग नेमका केव्हा लागतो याविषयी पंचांगांत एकवाक्यता नाही. चित्रा तारा प्रमाण मानणाऱ्या (चित्रापक्षीय) पंचांगांत तो ७–८ जूनला येतो. रेवती नक्षत्राचा योगतारा म्हणजे प्रमुख तारा (झीटा पिशियम) आरंभस्थान मानणाऱ्या टिळक पंचांगाचे अयनांश (वसंतसंपात बिंदू व नक्षत्रचक्राचा आरंभ यांतील अंतर) सुमारे ४ अंशांनी कमी असल्याने त्यात तो साधारण चार दिवस आधी येतो. शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने (१९५२–५५) चित्रापक्षाशी जुळणारे अयनांश स्वीकारले व आज बहुतेक पंचांगे त्याच बाजूची आहेत. शिवाय नाक्षत्र वर्ष (सूर्य ताऱ्यांच्या संदर्भात पुन्हा त्याच जागी येण्याचा काळ) सांपातिक वर्षाहून (ऋतूंच्या वर्षाहून) सुमारे २० मिनिटांनी मोठे असल्याने दर ७१–७२ वर्षांत नक्षत्रप्रवेश एक दिवस पुढे सरकतो. पेशवाईच्या मध्यापासून आजवर हा फरक तीन-चार दिवसांचा होतो. पावसाचे आगमनच एखाद-दोन आठवडे मागेपुढे होत असल्याने परसबागेपुरता या वादाला फारसा अर्थ उरत नाही. ओल वीतभर खोल गेली की टोकणी करावी, ही जुनी रीत अधिक भरवशाची वाटते.

मृगावर दोडका, पडवळ, कारली, काकडी, भोपळा, भेंडी, गवार यांचे बी पडते. वेल मांडवावर चढतात. आषाढ-श्रावणात मोरीकडेचा अळू व कर्दळ माजतात, जाई-जुई फुलतात, कुंपणालगत तेरडा रंग धरतो. भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे अन्न वर्ज्य असते, म्हणून त्या दिवशीची भाजी परसातल्या अळू, माठ, पडवळ, भोपळा, सुरण यांची. शेती आणि परस यांतील भेद इतक्या स्पष्टपणे मांडणारा दुसरा आचार क्वचितच आढळतो.

हस्ताचा पाऊस सरल्यावर दुसरी, दिवसाच्या लांबीची, कालगणना पुढे येते. वालाचे पारंपरिक वेल मृगावर लावले तरी दिवस लहान होऊ लागेपर्यंत केवळ पालाच वाढवतात. फुलोरा आश्विन-कार्तिकात येतो. शेवंतीचेही असेच. थंडीत मेथी, कोथिंबीर, मुळा उत्तम येतात. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी १·७° से. तापमान नोंदले गेले. अशा कडाक्यात केळ व पपई करपतात.

पौषात मोगऱ्याचे पाणी तोडून त्याला ताण देतात, नंतर छाटून खत-पाणी सुरू करतात. ताण न दिलेला मोगरा पानांनीच भरतो. ताण दिलेला फाल्गुनाअखेरपासून वैशाखापर्यंत फुलतो. पेरू-डाळिंबांचे बहार धरण्यामागेही हेच तत्त्व आहे. याच काळात आंबा मोहोरतो, शेवगा शेंगांनी लगडतो. चैत्र-वैशाखात आड खाली गेला की पाणी तुळस, केळ व फुलझाडे यांपुरतेच राखले जाते.

पेठांमधील वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्यावर परस बहुतांशी गच्चीवर गेले. नळाच्या पाण्यामुळे तेथे ओलीचे चक्र पुसट झाले आहे. दिवसाच्या लांबीचे चक्र टिकून आहे, पण त्यातही बाधा येते : रात्रभर रस्त्याच्या दिव्याचा उजेड मिळणारी जुन्या वाणाची शेवंती कळ्या उशिरा धरते.