पहिल्याच मिनिटात हरवलेले अठरा अंश

खळखळ उकळतं पाणी चिनी मातीच्या जाड कपात ओता, क्षणभर ढवळा आणि त्यात थर्मामीटर बुडवा. पारा शंभराच्या आसपासही दिसणार नाही. कप ३०० ग्रॅमचा, पाणी २०० ग्रॅम आणि खोलीचं तापमान २५ अंश धरू. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला साधारण ४.२ ज्यूल उष्णता लागते, एक ग्रॅम चिनी मातीला सुमारे ०.९ ज्यूल. गार कप आणि कढत पाणी यांच्यातली देवाणघेवाण संपली की दोघंही ८२ अंशांच्या आसपास येऊन थांबतात. चहाची पत्ती अजून धड भिजलेलीही नाही आणि अठरा अंश कपाने गिळलेले असतात.

आता हाच हिशेब किटलीचा करू. किटली म्हणजे पाणी उकळायची नव्हे, झाकण आणि तोटी असलेली, चहा मुरवायची. तिचं वजन ५०० ग्रॅम आणि आत ६०० मिलिलिटर पाणी धरलं, तर उत्तर येतं ८९ अंश. भांडं जड असूनही नुकसान कमी! कारण प्रत्येक ग्रॅम पाण्यामागे कपात दीड ग्रॅम माती आहे, किटलीत एक ग्रॅमही नाही. घरी किटलीत चहा मुरवावा की प्रत्येकाच्या कपात वेगवेगळा, या वादात चव, सवय, हौस असं बरंच काही येतं. पण वादाचं मूळ बहुतेक या सात अंशांत आहे.

(चहा आधणात उकळून करणाऱ्यांना हा प्रश्नच पडत नाही. तिथे खालून आच चालू असते, त्यामुळे भांड्याने कितीही उष्णता खाल्ली तरी भरपाई होत राहते. इथे बोलतोय ते वरून पाणी ओतून मुरवलेल्या चहाबद्दल.)

सात अंशांनी एवढं काय बिघडतं? लंडनच्या इंपिरियल कॉलेजमधले रसायनशास्त्रज्ञ मायकेल स्पायरो यांनी चहा पाण्यात कसा आणि किती वेगाने उतरतो याचा अनेक वर्षं अभ्यास केला. पत्तीच्या पृष्ठभागावरून पदार्थ पाण्यात मिसळायला फारसा वेळ लागत नाही. खरा वेळ जातो तो फुगलेल्या पानाच्या आतून रेणू बाहेर यायला. रेणूंची ही पानातली वाट पाण्याच्या तापमानावर अवलंबून असते. पाणी जितकं कढत तितकी त्यांची धावपळ जास्त. कॅफिनचा रेणू लहान, तो लवकर बाहेर पडतो. काळ्या चहाला रंग, भरीवपणा आणि तुरटपणा देणारी पॉलिफिनॉल्स मोठी आणि आळशी. पाणी लवकर निवलं तर कॅफिन बऱ्यापैकी मिळतं, पण चहा अंगाने हलका, पांचट लागतो. "कपातला चहा कडक होत नाही" ही तक्रार त्यामुळे निव्वळ मनाचा खेळ नाही.

आणि ओतताना झालेलं नुकसान ही फक्त सुरुवात आहे. उघड्या कपाची सगळ्यात मोठी गळती बाजूंनी नाही, वरून होते. पाण्याची वाफ व्हायला प्रचंड उष्णता लागते, ग्रॅममागे जवळपास २,३०० ज्यूल, आणि ती उष्णता उरलेल्या पाण्यातूनच जाते. २०० ग्रॅम पाण्यातून एक ग्रॅम उडून गेलं, की बाकीचं पाणी अडीच अंशांहून जास्त उतरतं. घरात ग्रॅमचे आकडे दाखवणारा डिजिटल काटा असेल तर हे डोळ्यांनी बघता येतं. कढत पाण्याचा कप काट्यावर ठेवा आणि आकडा बघत बसा. कोणी हात लावत नाही, कोणी घोट घेत नाही, तरी वजन ग्रॅमाग्रॅमाने घटत जातं. जे निघून जातंय ते दिसायला चिमूटभर, पण सोबत उष्णतेची गाठोडी घेऊन चाललंय. आता कपावर बशी उपडी घाला. काही क्षणांत बशीच्या आतल्या बाजूला थेंब जमतात आणि आकड्याची घसरण जवळजवळ थांबते.

किटलीला ही बशी जन्मजातच मिळालेली असते, झाकणाच्या रूपाने. शिवाय मोठ्या आकाराचा फायदा वेगळाच. भांड्याची लांबी, रुंदी, उंची सगळं दुप्पट केलं तर आत मावणारं पाणी आठपट होतं, पण उष्णता बाहेर सोडणारा पृष्ठभाग फक्त चौपट. ढोबळ हिशेबाने उघडा कप सुरुवातीला मिनिटाला दीड-दोन अंश गमावतो, तर झाकलेली भरली किटली अर्धा-पाऊण अंश. पाच मिनिटांनी कप सत्तरीच्या पहिल्या-दुसऱ्या पायरीवर आणि किटली अजून पंच्याऐंशीच्या घरात.

जाता जाता एका समजुतीबद्दल. गडद रंगाच्या किटलीतला चहा लवकर निवतो, असं कोणीतरी छातीठोकपणे सांगतं. काळा रंग जास्त उष्णता सोडतो, हे शाळेत घोकलेलं असतं ना! पण या तापमानाला भांडं जी उष्णता फेकतं ती अवरक्त किरणांच्या रूपात, आणि त्या किरणांच्या दृष्टीने पांढरं ग्लेझ (मातीच्या भांड्यावरचा काचेसारखा लेप) आणि तपकिरी ग्लेझ सारखंच काळं. फरक पडतो तो चकचकीत धातूने. जॉन लेस्ली यांनी १८०४ साली कढत पाण्याने भरलेल्या धातूच्या डब्याच्या वेगवेगळ्या बाजू तपासल्या, तेव्हा काजळी लावलेली बाजू भरपूर उष्णता फेकत होती आणि घासूनपुसून चकचकीत केलेली बाजू अगदी थोडी. पातळ, लखलखीत चांदीची किटली त्यामुळे दिसते त्यापेक्षा शहाणी असते. तिचा कान मात्र हाताला सोसवत नाही.

मग कपात चहा करणाऱ्यांचं चालतं कसं? पत्ती बारीक करून. टी-बॅगमध्ये पानाचे मोठे तुकडे नसतात, भुकटीच्या जवळ जाणारा बारीक चुरा असतो. रेणूला पानातून बाहेर यायला लागणारा वेळ कणाच्या आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कण चौथाई केला तर वेळ सोळाव्या हिश्श्यावर येतो. टी-बॅगकडे आपण सोय म्हणून बघतो, पण ती निवत चाललेल्या कपाशी लावलेली शर्यत आहे. कप गार होण्याआधी चुऱ्याने आपलं सगळं देऊन टाकायचं. मोठ्या पानाचा चहा कपात घातला तर तो ही शर्यत हरतो. त्यातून तो चहा गच्च भरलेल्या लहानशा जाळीच्या गोळ्यात कोंबला असेल तर विचारूच नका. भिजलेलं पान कित्येक पटींनी फुगतं, गोळा ठासून भरतो, मधल्या पानांभोवतीचं पाणी अर्काने दाट होऊन तिथेच तुंबून राहतं. मोकळ्या किटलीत हे होत नाही. भिंतीलगतचं पाणी निवून खाली सरकतं, मधलं कढत पाणी वर येतं, आणि कोणी चमचा न फिरवता पानांभोवती पाणी बदलत राहतं.

इथपर्यंत किटली जिंकली असं वाटेल. पण तिच्यात एक मोठी खोट आहे आणि ती चांगल्या गुणातूनच येते. किटलीला थांबता येत नाही. पहिला कप ओतला, तो प्यायला, पंधरा मिनिटांनी दुसरा ओतायला गेलो, तोवर पानं तळाशी बसून त्याच ऊबदार पाण्यात आपलं काम करत राहिलेली असतात. पाणी आता निम्मं, पानं तेवढीच. कॅफिन आणि वासाची द्रव्यं आधीच येऊन गेलेली, मागाहून येतात ती मुख्यतः तुरट पॉलिफिनॉल्स. ती लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, तोंडातला ओशटपणा नाहीसा होतो आणि जीभ टाळूला खरखरीत लागते. याला चहा म्हणण्यापेक्षा काढा म्हणणं बरं. किटलीवर विणलेली टोपी चढवून ती आणखी ऊबदार ठेवणारे तर या बिघाडाला खतपाणीच घालतात. पानं काढून घेतली असतील तर टोपी उत्तम, आत असतील तर नाही.

चहा चाखणं हाच ज्यांचा धंदा, त्यांनी ही अडचण कशी सोडवली ते बघण्यासारखं आहे. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं आयएसओ ३१०३ नावाचं एक मानक आहे. पहिल्यांदा आलं १९८० साली, सुधारून २०१९ साली. त्यात चव-तपासणीसाठी चहा कसा करावा ते सांगितलंय: १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा, चिनी मातीचं किंवा ग्लेझ दिलेलं झाकणाचं भांडं, काठाला एका बाजूला दातरे, आणि मुरायला ६ मिनिटं. ब्रिटिश मानक संस्थेच्या अशाच सहा पानी दस्तऐवजाला १९९९ साली साहित्याचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाला मिळणारं गमतीदार पारितोषिक, मिळालं. हसू येणं साहजिक आहे, पण त्या भांड्याचं माप बघा. मोठं भांडं ३१० मिलिलिटरचं, लहान १५० मिलिलिटरचं. म्हणजे एका कपाची किटली! आणि वेळ झाली की आतला सगळा चहा दातऱ्यांमधून दुसऱ्या वाडग्यात निथळून घ्यायचा, पानं मागे राहतात. मुरायचं भांडं वेगळं, प्यायचं भांडं वेगळं.

मला विचाराल तर सगळा मुद्दा इथेच आहे. मुरवण्यासाठी पाणी नव्वदीच्या वर हवं आणि ते तिथेच टिकायला हवं. पिण्यासाठी साठीच्या आसपास उतरायला हवं. याला केवळ जीभ भाजण्याचं कारण नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली ६५ अंशांहून गरम पेयं "बहुधा कर्ककारक" या गटात टाकली, अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या संदर्भात. एका कामाला झाकलेलं, फुगीर, लहान तोंडाचं भांडं लागतं. दुसऱ्याला उघडं, पसरट, भराभर निववणारं. कपाचे पहिल्या कामातले सगळे अवगुण दुसऱ्या कामात गुण ठरतात. वाद भांड्यांचा नाहीच, एकाच भांड्याकडून दोन्ही कामं करून घ्यायच्या हट्टाचा आहे.

तरीही एकट्याने कपातच चहा करायचा असेल, तर किटलीच्या बऱ्याचशा युक्त्या उसन्या घेता येतात. पहिली, कप कढत पाण्याने विसळणं. हे सोपस्कार वाटतात, पण आकडे बघा. कप आधीच ७५ अंशांपर्यंत तापलेला असेल तर ओतलेलं पाणी ८२ ऐवजी ९४ अंशांवर राहतं. किटली तशीच तापवली तर ती ९६ वर. सात अंशांचा फरक दोनावर आला! वर बशी झाकली की दुसरी गळती बंद. किटली न तापवणारा माणूस आणि कप तापवून झाकणारा माणूस यांच्यात मी पैज दुसऱ्यावर लावेन.

ग्रीन टीला मात्र यातलं काही लावू नका. तिथे कडवट कॅटेचिन्स कढत पाण्यात झपाट्याने उतरतात, आणि चवीला गोडसर मऊपणा देणारं थिअनिन कमी तापमानालाही निघतं. ७०-८० अंशांचं पाणी पुरतं. न तापवलेला जाड कप जे नुकसान करतो तेच इथे हवं असतं.

दूध आधी की नंतर हा प्रश्नही भांड्यावरच ठरतो. कपातच चहा मुरवायचा असेल तर दूध आधी घालणं चूकच, पाणी आणखी निवतं. किटलीतून ओतायचा असेल तर दूध आधी घातलेलं चांगलं, कारण मग ते हळूहळू तापतं आणि त्यातल्या प्रथिनांची घडी एकदम मोडत नाही. लफबरो विद्यापीठाच्या अँड्र्यू स्टेपली यांनी २००३ साली रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीसाठी हाच सल्ला दिला होता.

पाणी जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं, असेल तर कपातल्या चहावर तपकिरी तवंग धरतो. स्पायरो आणि त्यांचे सहकारी जगन्यी यांनी १९९३ साली त्याची चिरफाड केली: कॅल्शियम कार्बोनेट आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे बदललेली चहातली सेंद्रिय द्रव्यं. लिंबाचे दोन थेंब टाकले की तो धरत नाही. किटलीत तवंग वर तरंगतो आणि तोटी खालून चहा उचलते, म्हणून तो बराचसा मागेच राहतो.

आणि तोटी म्हटलं की ठिबकणं आलंच. हळू ओतायला जावं, तर चहा कपात पडण्याऐवजी तोटीच्या ओठाखालून वळतो आणि किटलीच्या पोटावरून ओघळतो. मार्कुस रायनर यांनी १९५६ साली याला "टीपॉट इफेक्ट" म्हटलं. चहा तोटीला चिकटतो म्हणून असं होतं, हा सगळ्यांचा पहिला अंदाज. जोसेफ केलर यांनी १९५७ साली दाखवलं की मोठा हात हवेचा आहे. ओठावरून वळताना चहाचा वेग वाढतो, तिथला दाब घटतो, आणि बाहेरची हवा धारेला तोटीकडे ढकलते. पाणी न धरणारा लेप ओठाला लावला तर ठिबकणं थांबतं, हे फ्रान्समधल्या एका गटाने २०१० साली दाखवलं. ओठाखाली तेलाचं बोट फिरवण्याचा उपाय त्याच जातीचा. व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ साली धारेचा वेग, चिकटपणा आणि पृष्ठताण यांची एकत्र मांडणी केली. त्यांच्या गणिताप्रमाणे ओठ कितीही धारदार असला तरी त्याच्या अगदी खाली चहाचा एक बारीक थेंब बसलेलाच असतो. धार जोरात असेल तर तो तिथेच राहतो. हात जरा हळू झाला की धार त्याला धरून मागे वळते, आणि ओघळ किटलीच्या बुडाखाली जाऊन तिथे गोल डाग पडतो.