उन्हात दिसणारी स्क्रीन

शाळा सुरू झाल्या की मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळांना संगणक भेट दिल्याच्या बातम्या हमखास येतात. फोटोत हार घातलेला मॉनिटर, फोडलेला नारळ, पाहुणे आणि मागं रांगेत मुलं. बहुतेकदा ही यंत्रं एखाद्या ऑफिसात वापरून झालेले डेस्कटॉप असतात. देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण 'फुकट मिळाला म्हणजे स्वस्त पडला' हा समज खोडून काढायला हवा. जुना डेस्कटॉप मॉनिटरसकट शंभर-दीडशे वॅट खातो. असे दहा एकदम लावले की भार किलोवॅटच्या पुढं जातो. डीपी जळाली की कित्येक दिवस लाइट येत नाही, बिल थकलं की शाळेचीच जोडणी तुटते, अशा गावात संगणकाची खरी किंमत वॅटमध्ये मोजावी लागते.

तशी ती मोजून बनवलेला एक संगणक होऊन गेला. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबचे निकोलस निग्रोपोंटे यांनी २००५ मध्ये गरीब देशांतल्या मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' ही ती योजना. २००७ च्या अखेरीस त्याचं मोठं उत्पादन सुरू झालं तेव्हा किंमत दोनशे डॉलरच्या घरात गेली होती. एक्सओ-१ हे त्याचं नाव. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, हार्ड डिस्कऐवजी १ जीबी फ्लॅश मेमरी. आजच्या साध्या मोबाइलपुढंही हे आकडे किरकोळ आहेत. त्याची स्क्रीन मात्र मला आजही थक्क करते. ती मेरी लू जेप्सन या अभियंतीनं घडवली.

नेहमीच्या लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनमधला द्रवस्फटिक स्वतः उजेड देत नाही, मागून आलेला उजेड फक्त सोडतो किंवा अडवतो. मागच्या दिव्याचा, म्हणजे बॅकलाइटचा, निम्म्याहून अधिक प्रकाश पहिल्याच ध्रुवकात, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या थरात, जिरतो. पुढं रंगाची गाळणी लागते. लाल गाळणी फक्त लाल सोडते आणि हिरवा, निळा गिळते, म्हणजे उरलेल्यातलाही साधारण दोन-तृतीयांश गेला. मधल्या तारा आणि ट्रान्झिस्टर काही जागा अडवतात. शेवटी शंभरातले पाच-दहा भाग डोळ्यापर्यंत येतात, बाकीच्यांची उष्णता होते. बॅटरी संपते ती अशी.

आता ही स्क्रीन मे महिन्याच्या दुपारी शाळेच्या पटांगणात नेऊ. उघड्यावर साधारण १,००,००० लक्स प्रकाश पडतो. लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचं एकक. त्यातला ४ टक्के जरी स्क्रीनवरून विखरून परतला, तरी ४,००० भागिले π (३.१४), म्हणजे सुमारे १,२७० निट इतकी चकाकी तयार होते. निट हे पृष्ठभागाच्या तेजस्वितेचं एकक. लॅपटॉपची स्क्रीन स्वतः देते ३०० निटच्या आसपास. म्हणजे काळं अक्षर दिसतं १,२७० निटचं आणि त्यामागची पांढरी जागा १,५७० निटची. फरक सव्वापटही नाही. भर दुपारी अंगणात टॉर्च लावावा तसं होतं. बॅकलाइट दुप्पट केला तरी गुणोत्तर दीडपटीच्या आतच राहतं, बॅटरी मात्र धावत संपते.

जेप्सन यांनी सूर्याशी स्पर्धा करायचंच सोडलं. एक्सओच्या प्रत्येक चित्रबिंदूचा काही भाग परावर्तक आहे आणि त्यावर रंगाची गाळणी नाही. उरलेल्या भागात छोटी खिडकी आहे, तिच्यातून बॅकलाइटचा प्रकाश रंग घेऊन येतो. घरात ही रंगीत स्क्रीन. बाहेर आल्यावर बॅकलाइट बंद करा, ऊनच आत शिरून परावर्तित होतं आणि पान कृष्णधवल दिसतं. ऊन वाढलं की पांढरी जागाही त्याच प्रमाणात उजळते, त्यामुळं गुणोत्तर ढासळत नाही. साडेसात इंचांत १,२०० गुणिले ९०० बिंदू, म्हणजे इंचाला दोनशे. देवनागरीतला रफार, अनुस्वार, जोडाक्षराची गाठ स्वच्छ उमटायला अशी बारकाई लागतेच. शिवाय पान स्थिर असलं की प्रोसेसर झोपी जातो आणि एक वेगळी चिप एकटीच चित्र टिकवून धरते. मूल धडा वाचत असताना यंत्राच्या मेंदूला वीज द्यायची गरजच काय?

बॅकलाइट बंद असताना ही स्क्रीन वॅटच्या एक-दोन दशांशावर भागवते. मुख्यतः वाचन आणि थोडं लेखन धरून पूर्ण यंत्राला सरासरी तीन वॅट लागले असं मानू. पंचवीस मुलं, चार तास : ३०० वॅट-तास. शंभर वॅटचं सोलर पॅनेल आपल्याकडं स्वच्छ दिवशी पाच तासांच्या पूर्ण उन्हाइतकं काम करतं, म्हणजे ५०० वॅट-तास. तीस टक्के वाया गेले तरी ३५० उरतात. अख्खा वर्ग चालतो. तेवढ्याच विजेवर १२० वॅटचा एक डेस्कटॉप तीन तासही पुरता चालत नाही.

या योजनेभोवतीचा गाजावाजा मात्र खोटा ठरला. लॅपटॉप हातात आला की मूल आपोआप शिकेल, असं सांगितलं गेलं. पेरूनं लाखो लॅपटॉप वाटले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या २०१२ च्या अभ्यासात तिथल्या मुलांच्या गणितात आणि भाषेत सुधारणा आढळली नाही, तर्काच्या काही चाचण्यांत थोडा फायदा दिसला. भारताच्या शिक्षण खात्यानं २००६ मध्येच ही योजना नाकारली होती. शिक्षक, पुस्तकं, दुरुस्ती यांची जागा यंत्र घेत नाही.

मराठवाड्यात कुणी शाळेला संगणक देणार असेल, तर शाळेनं आधी एक यंत्र मागून घ्यावं. प्लगला वॅटमीटर लावून आकडा फळ्यावर लिहावा. मग भर दुपारी ते ओसरीवर ठेवून चौथीतल्या मुलाला त्यावरचा मराठी उतारा वाचायला सांगावा. लॅपटॉप असेल तर बॅटरीचा प्रकारही विचारावा. एक्सओत वापरलेली लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी इथल्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत इतर लिथियम बॅटऱ्यांपेक्षा सुरक्षित असते, कारण तिच्यातला ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो आणि तापलं तरी सहज सुटत नाही. आणि ही बॅटरी बदलायची वेळ आली की ती जालन्यात, परभणीत मिळेल का आणि पैसे कोण देणार, हे भेट घेतानाच कागदावर लिहून घ्यावं.