व्हॉइस डायलिंग (मोबाइल फोनवरील)

व्हॉइस डायलिंग : क्रमांक न दाबता, नाव उच्चारून मोबाइलवरून फोन लावण्याची सोय. गाडी चालवणाऱ्याला ती सोयीची आहेच, पण जिला पडदा दिसत नाही अशा अंध व्यक्तीला तिची खरी गरज असते. म्हणूनच तिच्या खोडी नीट माहीत असायला हव्यात. त्या बहुतेक मराठी नावांपाशी येऊन अडतात.

२००० साली आलेल्या नोकिया ३३१० सारख्या फोनमध्ये ‘व्हॉइस टॅग’ असे. क्रमांकापुढे आपल्याच आवाजात ते नाव रेकॉर्ड करून ठेवायचे. फोन लावताना कळ दाबून धरायची, ‘टिंग’ वाजले की तेच नाव म्हणायचे आणि फोन दोन्ही आवाज ताडून बघे. असे आवाज जुळवण्याची प्रसिद्ध रीत म्हणजे डायनॅमिक टाइम वॉर्पिंग. एक ध्वनी काळात ताणून किंवा आकसून दुसऱ्यावर बसवायचा, म्हणजे घाईत म्हटलेले ‘कुलकर्णी’ सावकाश म्हटलेल्या ‘कुलकर्णी’शी जुळते. हिरोआकी साकोए आणि सेइबी चिबा या जपानी संशोधकांचा या रीतीवरील १९७८ चा निबंध आजही आधार मानला जातो.

या फोनला अक्षर कळत नसे, भाषाही कळत नसे. त्यामुळे मराठी, मालवणी, अहिराणी, काहीही चाले. मोबाइलमध्ये मराठी टाइप करणेही दुरापास्त होते, त्या काळात तोंडी मराठी मात्र बिनबोभाट चालत होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. अडचणी वेगळ्या होत्या. फार छोटे नाव फोन घेतच नसे, म्हणून नुसते ‘आई’ नाकारले की ‘आई सातारा’ असे लांबवावे लागे. ‘सुनील’ आणि ‘सुशील’ यांत गफलत होई. घरच्या शांततेत भरलेला टॅग एसटी स्टँडवरच्या गलक्यात ओळखू येत नसे. सर्दी झाली, आवाज चिरकला, तरी तेच. संकटात या सोयीवर विसंबू नका, असे पुस्तिकेतच बजावलेले असे.

पुढच्या पद्धतीत रेकॉर्डिंगची गरज उरली नाही. यादीतल्या नावाच्या स्पेलिंगवरून फोन स्वतःच उच्चार बांधतो आणि कानावर आलेला आवाज त्याच्याशी ताडतो. आयफोन ३जीएसमध्ये (२००९) असे ‘व्हॉइस कंट्रोल’ होते, तर २०११ मध्ये सिरी, म्हणजे बोलून आज्ञा घेणारी आयफोनची मदतनीस, आली. संपूर्ण यादी एका फटक्यात बोलकी झाली, पण उच्चार इंग्रजी वळणाचे. रोमन लिपीत मोरे, दाते, माने, साने, काळे ही आडनावे हुबेहूब इंग्रजी शब्दांसारखी दिसतात. मग दात्यांचा ‘डेट’ होतो, मान्यांचा ‘मेन’, काळ्यांचा ‘केल’. ‘ळ’ला तर रोमनमध्ये जागाच नाही. जुन्या ब्लूटूथ हेडसेटवर आणखी भर पडते. त्यात आवाजाचे सेकंदाला ८,००० च नमुने घेतले जातात, त्यामुळे ४,००० हर्ट्झच्या वरचे ध्वनी गळतात आणि ‘स’-‘श’मधला फरक पुसट होतो.

गूगलचे मराठी व्हॉइस टायपिंग २०१७ मध्ये आले, सिरीसारखाच गूगलचा मदतनीस, गूगल असिस्टंट, २०१८ मध्ये मराठी बोलू लागला. इथे कोडे विभक्तीचे आहे. आपण ‘फोन लाव काळे’ असे म्हणत नाही, ‘काळ्यांना फोन लाव’ म्हणतो. यादीत ‘काळे’ आहे, तोंडात ‘काळ्यांना’. ‘काका’चे ‘काकांना’ होताना मूळ नाव शाबूत राहते, ‘काळे’चे सामान्यरूप होताना शेवटचा स्वरच जातो. प्रत्यय काढून मूळ नावापर्यंत पोचणे यंत्राला शिकवावे लागते.

तोवर दोन उपाय आहेत. मराठीत आज्ञा द्यायची असेल तर नाव यादीत देवनागरीतच ठेवावे. आयफोनवर रोमन नाव बदलायचे नसेल, तर संपर्काच्या नोंदीत उच्चारासाठी वेगळा रकाना जोडता येतो. त्यात मोऱ्यांचे नाव जसे उच्चारतात तसे लिहावे.